वीस लाखांत स्ट्राँग हायब्रिड की १.५ टर्बो? इंधनबचतीचा हिशेब आणि येऊ घातलेल्या वेगवान गाड्या

कोथरूडकर :
नमस्कार मंडळी. घरातली डिझेल गाडी आता पंधरा वर्षांची होत आली असून तिच्या जागी नवी गाडी घ्यायची आहे. अंदाजपत्रक ऑन-रोड वीस ते बावीस लाखांचे आहे. रोज कोथरूडहून चाकणला जाणे-येणे असते, म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग चांदणी चौक, वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी अशा ओळीने लागणाऱ्या कोंडीत जातो. गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात जाणे होते. गाडी स्वयंचलित गिअरचीच हवी, कारण डाव्या गुडघ्याने आता क्लचशी असहकार पुकारला आहे.

घरच्यांचा कौल मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीचीच व्हिक्टोरिस यांपैकी एखाद्या स्ट्राँग हायब्रिडला आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला स्वतः चाके फिरवू शकणारी विजेची मोटार असलेल्या गाडीला. माझे मन मात्र ह्युंदाईची क्रेटा एन लाइन किंवा टाटांची नवी सिएरा यांच्या १६० पीएसच्या (साधारण तेवढ्याच अश्वशक्तीच्या) टर्बो पेट्रोलकडे, म्हणजे धुराच्या जोरावर जादा हवा भरून शक्ती वाढवणाऱ्या इंजिनाकडे, ओढ घेते. कंपन्या सांगतात ती हायब्रिडची बचत प्रत्यक्षात कितपत हाती लागते, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की हायब्रिड असूनही चालवायला मजा येईल अशी काही गाडी येत्या काळात येणार असेल, तर थांबण्यात अर्थ आहे का?

आलेख :
आधी हिशेबाची पद्धत ठरवू, कारण किलोमीटर प्रति लिटर हे माप तुलनेसाठी फार फसवे आहे. १० चे १४ झाले तर शंभर किलोमीटरमागे २.८६ लिटर वाचतात. २० चे २४ झाले तर जेमतेम ०.८३ लिटर वाचतात. दोन्हीकडे वाढ चारचीच आहे, पण बचतीत तिपटीहून अधिक फरक पडतो. म्हणून प्रत्येक गाडीला शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात, एवढेच पाहावे.

गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या आकड्यांनुसार ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचे मायलेज २७.९७ आहे आणि त्याच गाडीच्या माइल्ड हायब्रिड (जिची छोटी मोटार इंजिनाला फक्त हातभार लावते) स्वयंचलितचे २०.५८. चाचणी रोलरवर होते, कमाल वेग ताशी ९० असतो आणि एसी बंद असतो. तुमच्या रस्त्यावर एसी चालू ठेवून स्ट्राँग हायब्रिडला २१, माइल्डला १२ आणि टर्बोला ११ मिळतील असे धरू. म्हणजे शंभर किलोमीटरला अनुक्रमे ४.७६, ८.३३ आणि ९.०९ लिटर लागतील. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर दीड हजार किलोमीटरांमागे स्ट्राँग आणि माइल्ड यांच्यात महिन्याला साडेपाच हजारांहून थोडा अधिक फरक पडतो. दोघींच्या किमतीतले अंतर कर आणि विम्यासह अडीच लाख मानले, तर ते भरून निघायला पावणेचार वर्षे लागतील. महिन्याला फक्त पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र अकरा वर्षे लागतील, आणि त्याने हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या बाबतीत गंमत अशी की तुमची तुलना माइल्ड हायब्रिडशी नाहीच. १६० पीएसची वरच्या श्रेणीतली स्वयंचलित टर्बो आणि स्ट्राँग हायब्रिड या दोघी साधारण एकाच किमतीच्या टप्प्यात येतात. त्यामुळे जादा पैसे किती वर्षांत वसूल होतील हा प्रश्नच तुमच्यापुरता निकालात निघतो. उरतो तो टर्बोचा वर्षाकाठी सुमारे ८१ हजारांचा जादा पेट्रोलखर्च, आणि त्या रकमेत मिळणारी मजा तुम्हाला स्वस्त वाटते की महाग, हे तुम्हीच ठरवायचे.

रेडलाइन :
आलेखराव, हिशेब बिनचूक आहे, पण टर्बोला सगळीकडे ११ देऊन तुम्ही तिच्यावर थोडा अन्याय केला आहे. द्रुतगती मार्गावर ताशी ९५ च्या स्थिर वेगाने गेल्यास टर्बो १६ देते आणि हायब्रिड २० देते. म्हणजे शंभर किलोमीटरला फक्त सव्वा लिटरचा फरक. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांचे १.५ टीएसआय इंजिन तर हलक्या भारावर चारपैकी दोन सिलिंडर बंद करते, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर तिथे फरक आणखी घटतो. हायब्रिडची खरी कमाई थांबा-निघा करणाऱ्या वाहतुकीत होते, आणि कोथरूडकर नेमके त्याच वाहतुकीत राहतात, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

गतीविषयी सांगायचे, तर क्रेटा एन लाइनची डीसीटी (दोन क्लचची स्वयंचलित) ताशी शून्य ते शंभर ८.९ सेकंदांत जाते असा कंपनीचा दावा आहे. ११६ पीएसच्या हायब्रिडला साधारण बारा सेकंद लागतात. ट्रकला ओलांडताना हा फरक कागदावरचा राहत नाही.

सुकाणू :
मी नाशिकला होंडा सिटी ई:एचईव्ही चालवते, त्यामुळे रोजच्या वापरातले थोडे सांगते. हायब्रिड म्हणजे संथ, असा जो सूर रेडलाइन यांनी लावला आहे, तो ताशी ४० पर्यंत तरी खरा ठरत नाही. सिटीत शहरी वेगाला चाके मोटारच फिरवते. तिची शक्ती १०९ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५३ न्यूटन-मीटर आहे. इंजिन जनरेटर चालवून तिला वीज पुरवते, आणि महामार्गावर क्लच जुळला की तेच इंजिन थेट चाकांना जोडले जाते. सिग्नल सुटल्यावर पायाखाली जो तत्काळ ओढा लागतो, तो टर्बोत लॅग, म्हणजे टर्बो जोर धरेपर्यंतचा विलंब, संपल्यावरच येतो. टोयोटा-मारुतीची रचना वेगळी आहे. तिथे ग्रहमालेसारखा गिअरसंच इंजिन आणि मोटार यांची शक्ती सतत वाटून देतो, आणि त्यात नेहमीच्या अर्थाने गिअर नसतातच.

उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. कोंडीत गाडी उभी असली तरी एसीचा कंप्रेसर विजेवर चालू राहतो, हे सुखाचे आहे. पण ग्रँड व्हिटाराची बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-तासांची आहे आणि त्यातलाही काही भागच वापरला जातो. एसीने एक-दीड किलोवॅट ओढले की पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी खाली येते आणि उभ्या गाडीचे इंजिन चार्जिंगसाठी आपोआप सुरू होते. एप्रिलमधले मायलेज डिसेंबरपेक्षा कमी दिसले तर गाडी बिघडली असे समजू नये.

सामानाचेही पाहून घ्या. सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रिडमध्ये ती ३०६ वर येते. ग्रँड व्हिटाराची ३७३ वरून २६५ वर उतरते. गणपतीला चार माणसे, त्यांच्या बॅगा आणि परतीची आंब्या-फणसाची नसली तरी नारळांची पोती, हे सगळे २६५ लिटरांत बसवणे हे कौशल्याचे काम आहे.

गॅसबत्ती :
कोणीही सीएनजीचे नाव काढले नाही याचे नवल वाटते. व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखाली दिली आहे, त्यामुळे डिकी पूर्ण मिळते. किलोला नव्वद रुपये आणि प्रत्यक्षात २२ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला चार रुपये दहा पैसे पडतात. आलेख यांच्या हायब्रिडला चार रुपये पंचाण्णव पैसे लागतात, आणि सीएनजीची गाडी घेतानाच काही लाख वाचतात.

आलेख :
हिशेब बरोबर आहे. मात्र व्हिक्टोरिसची सीएनजी फक्त हाताच्या गिअरची आहे, त्यामुळे कोथरूडकरांच्या गुडघ्याच्या अटीवरच ती बाद होते. शिवाय पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ आपण दोघांनीही फुकट धरला आहे.

करांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण त्याबाबत बराच घोळ दिसतो. सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरहून लांब हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के आणि १.५ पेट्रोलच्या अशा गाडीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ४० टक्क्यांवर आल्या. गाड्या स्वस्त झाल्या हे खरे, पण हायब्रिडला मिळणारी दोन टक्क्यांची उरलीसुरली सवलतही त्यात संपली. विजेच्या गाडीवर मात्र पाचच टक्के राहिले. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तशी माफी महाराष्ट्रात नाही. तीच माफी इथे मिळाली असती, तर माझी पावणेचार वर्षे तीनच्या आत आली असती. अर्धे पेट्रोल वाचवणारी गाडी आणि वाचवत नसलेली गाडी यांना एकाच तागडीत घालणे मला पटत नाही. विजेच्या गाड्यांवर पैसा लावलेल्या कंपन्यांना हायब्रिडची सवलत का नको आहे, हे समजण्यासारखे असले तरी पटत नाही.

घाटमाथा :
कोकणाचा उल्लेख झाला म्हणून घाटाबद्दल लिहितो, कारण उतारावर हायब्रिड फुकट चार्ज होते या वाक्यात अर्धेच सत्य आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाचशे मीटरांहून थोडी अधिक उंची कमी होते. माणसे आणि सामान धरून १,६०० किलोच्या गाडीत त्या उंचीची ऊर्जा सुमारे २.२ किलोवॅट-तास भरते. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग हवेचा अडसर आणि टायरचे घर्षण खातात. राहिलेल्या सव्वा-एक किलोवॅट-तासातला काही मोटारीत आणि तारांत उष्णता होऊन जातो, आणि शेवटी बॅटरीच्या दाराशी नऊशे-हजार वॅट-तास येऊन उभे राहतात. आत जागा आहे जेमतेम तीन-चारशेची. साहजिकच घाट निम्मा उतरेपर्यंत बॅटरी भरते.

त्यानंतर काय होते ते नव्या मालकांना ठाऊक नसते. पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरतात, ब्रेकच्या पॅडलला किंचित वेगळा स्पर्श येतो आणि पायाने काहीही केलेले नसताना इंजिन एकदम घोंघावू लागते. इंधन बंद असते. जनरेटरची मोटार जादा विजेवर इंजिन नुसते फिरवते, म्हणजे ती ऊर्जा खर्च होऊन ब्रेक थंड राहतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. गिअरच्या दांड्यावरचा ‘बी’ मोड, म्हणजे उतारावर गाडी आवरून धरणारी सोय, उताराच्या सुरुवातीलाच लावावा, म्हणजे पाय सतत ब्रेकवर ठेवावा लागत नाही.

चढणीवर चित्र उलटे असते. ताम्हिणीत भरल्या गाडीनिशी जोर धरला की बॅटरी लवकर उतरते आणि मग ९२ पीएसच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनावरच सारे येते. ते ओरडते खूप आणि देते बेताचे. तिथे टर्बोचा अडीचशे न्यूटन-मीटरचा टॉर्क सुखावतो, यात मला अजिबात शंका नाही. पण वर्षातले असे तास किती आणि मोशीच्या चौकातले तास किती, हे कोथरूडकरांनी पाहावे.

रेडलाइन :
घाटमाथा यांचा प्रतिसाद छापून गाडीच्या माहितीपुस्तिकेत चिकटवावा इतका उपयुक्त आहे.

सिएराविषयी एक खुलासा. टाटांनी नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या मार्गावर बारा तास गाडी चालवून २९.९ चे मायलेज जाहीर केले आणि वेगळ्या चाचणीत ताशी २२२ चा वेगही नोंदवला. दोन्ही आकडे खरे मानले तरी ते दोन वेगळ्या धावांचे आहेत. सिग्नल, वळणे, चढ यांपैकी काहीही नसलेल्या मार्गावर स्थिर वेगाने गेल्यास कुठलेही चांगले पेट्रोल इंजिन चमकते. त्या २९.९ वरून सिएरा हायब्रिडच्या बरोबरीची आहे, असा निष्कर्ष काढणारे काही प्रतिसाद मी अन्यत्र वाचले, म्हणून हे लिहिले.

आता दुसरा प्रश्न. ह्युंदाईने २०३० पर्यंतच्या आपल्या योजनेत भारतासाठी हायब्रिड गाड्या धरल्या आहेत. या आणि अशाच टप्प्यातल्या हायब्रिड मुख्यतः पेट्रोल वाचवण्यासाठी असतील. मजेसाठी थांबायचे असेल तर त्यांच्यासाठी थांबू नका. वीस लाखांत वेगवान हायब्रिड असा प्रकार आपल्या बाजारात सध्या नाही आणि तो कोणी आणेल अशी चिन्हे मला दिसत नाहीत. वेगाच्या शौकिनांना जे मिळते, ते पन्नास लाखांच्या आसपास आणि बाहेरून आयात होऊन. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये ५३ लाखांना आली, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस ऑक्टोबरात ४९.९९ लाखांना आली. दोन्हींत २६५ पीएसचे दोन लिटर टर्बो आहे आणि हायब्रिडचा मागमूस नाही. ऑक्टेव्हियाच्या शंभरच गाड्या होत्या आणि त्या हातोहात संपल्या. प्रत्येक कंपनीच्या आयात गाड्यांना वर्षाला अडीच हजारांपर्यंत इथल्या प्रमाणीकरणातून सूट आहे, म्हणून एवढे तरी पाहायला मिळते.

न्यूजर्सीकर :
इकडचे, अमेरिकेतले चित्र पाहून तुम्हाला आमचा हेवा वाटेल. होंडाच्या २०२५ च्या सिव्हिक हायब्रिडची शक्ती २०० अश्वशक्ती, टॉर्क ३१५ न्यूटन-मीटर आणि अधिकृत एकत्रित मायलेज ४९ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर आहे. मौज अशी की खास चालवणाऱ्यांसाठी असलेल्या सिव्हिक एसआयची शक्तीही २०० च आहे, आणि मासिकांच्या चाचण्यांत ताशी साठ मैल गाठायला हायब्रिड तिच्याहून कमी वेळ घेते. टोयोटाची कॅमरी तर आता इथे फक्त हायब्रिडच मिळते, आणि २०२६ च्या आरएव्ही४ चेही तेच झाले. इथे पेट्रोल तुलनेने स्वस्त आहे, तरीही लोक हायब्रिड घेतात, कारण किमतीतला फरक थोडा आहे आणि गाडी मंद नाही. भारतात वीस लाखांच्या टप्प्यात हायब्रिडला १.५ च्या छोट्या इंजिनात कोंडून ठेवले आहे, म्हणून तिच्या नशिबी फक्त काटकसर आली.

होंडाने प्रेल्यूड हे जुने नाव याच यंत्रणेवर परत आणले. तिच्यात ‘एस प्लस शिफ्ट’ नावाची सोय आहे; गिअर नसताना ती गिअर बदलल्याचा झटका आणि आवाज देते. मला ते चालवताना आवडते. वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “नसलेल्या गिअरचे पैसे कशाला देतोस?”

रेडलाइन :
वडिलांच्या बाजूने माझे एक मत धरा. खोटे गिअर म्हणजे साखर सोडून तिचा वास विकत घेण्यासारखे आहे.

पण वरच्या वर्गात हायब्रिडचा उपयोग खरोखर वेगासाठी होतो, आणि तिथे कोण कसे करते यावर सगळे अवलंबून आहे. पोर्शने ९११ जीटीएसमध्ये १.९ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी घातली आणि टर्बोच्या आसावरच विजेची मोटार बसवली, त्यामुळे टर्बोला धुराची वाट पाहावी लागत नाही. वजन वाढले ते साधारण पन्नास किलो, आणि जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर गाडी आधीच्याहून ८.७ सेकंद लवकर आली. याला मी हायब्रिडचा सदुपयोग म्हणतो. उलट बीएमडब्ल्यू एम५ ची शक्ती ७२७ पीएस झाली, पण वजन २,४०० किलोंच्या पुढे गेले. जुनीपेक्षा जवळपास पाचशे किलो जास्त. मर्सिडीज-एएमजीने सी६३ चे व्ही८ (आठ सिलिंडरांचे इंजिन) काढून दोन लिटरचे चार सिलिंडर आणि मोटार दिली, ६८० पीएस काढून दाखवले, तरी ज्यांनी ती गाडी व्ही८ च्या गर्जनेसाठी घेतली असती ते फिरकलेच नाहीत. टोयोटाने डिसेंबर २०२५ मध्ये जीआर जीटी दाखवली, तीत चार लिटर ट्विन-टर्बो व्ही८ ला मोटारीची जोड आहे आणि एकत्रित लक्ष्य ६५० पीएसचे आहे. जी कंपनी प्रियस या काटकसरी हायब्रिडसाठी ओळखली जाते तिने व्ही८ ठेवला, हे मला बरेच बोलके वाटते.

सुकाणू :
हे सगळे वाचायला छान आहे, पण कोथरूडकरांना चाकणला वेळेवर पोचायचे आहे.

कोथरूडकर :
सुकाणूताई, नेमके बोललात. आलेख यांच्या ८१ हजारांनी आणि घाटमाथा यांच्या तासांच्या हिशेबाने माझा कल हायब्रिडकडे झुकला आहे. चालवण्याची हौस पुरवायला ऑक्टेव्हियाएवढे पैसे नाहीत, आणि १६० पीएस घेऊन भोसरीच्या पुलाखाली पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बसून राहायचे हे मनाला पटेना. थांबायचेही नाही असे ठरवले. दोन शंका उरल्या आहेत. बॅटरी किती वर्षे टिकेल? आणि ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने या सगळ्या हिशेबावर पाणी पडेल का?

आलेख :
इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात ढोबळमानाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ई२० साठी जुळवलेल्या नव्या इंजिनांत त्यातला काही भाग परत मिळतो. ही घट टक्क्यांत असल्यामुळे जी गाडी जास्त पिते तिचेच जास्त लिटर वाढतात. हायब्रिडच्या बाजूचा फरक त्यामुळे उलट किंचित वाढतो.

घाटमाथा :
हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी आहे. तुमच्या वापराने वर्षाला अठरा-वीस हजार किलोमीटर होतील, म्हणजे आठ वर्षे आधी संपतील. बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधून ओढली जाते; तिची जाळी मागच्या आसनाजवळ असते. ती बॅग, चादर किंवा कुत्र्याच्या केसांनी बुजू देऊ नका आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सकाळी साडेआठला गाडी मागा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी २४ वर ठेवा आणि वाकडपासून नाशिक फाट्यापर्यंत जाऊन या. विक्रेता कुरकुर करेल. त्याला सांगा की रोज जायचे ते तिकडेच आहे. सोबत तुमच्या दोन मोठ्या बॅगा न्या आणि डिकीत ठेवून पाहा.